वांग्याच्या फुलावरची निळ्या पट्ट्यांची माशी

(दृश्य : कृष्णाकाठ, वांग्याचं रान, सकाळ)

सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यातली ही मळीची जमीन. कृष्णाकाठच्या वांग्याची चव सगळ्यांना ठाऊक आहे. ते वांगं धरतं कसं, हे बघायचं असेल तर सकाळी फुलाजवळ बसायला हवं.

(दृश्य : जांभळं फूल, अगदी जवळून)

मधले पिवळे पुंकेसर बघा. पराग त्यांच्या आत कोंडलेला असतो आणि बाहेर पडायला टोकाशी फक्त बारीक भोकं. पोळ्यातल्या मधमाशीला तो झाडून काढणं जमत नाही.

ही आली. पोटावर निळे पट्टे. पुंकेसर तिनं जबड्यात धरले, पंख जागच्या जागी ठेवले आणि उडायचे स्नायू तेवढे थरथरवले. आवाज ऐका. उडतानाच्या गुणगुणीपेक्षा चढा आहे. बघा, पिवळी भुकटी थेट तिच्या अंगावर सांडली.

शास्त्रात हिला अमेगिला म्हणतात. ही एकांडी माशी. राणी नाही, कामकरी नाहीत, पोळं नाही. मादी एकटीच मातीत बीळ कोरते, आत कप्पे करते, प्रत्येक कप्प्यात पराग आणि मकरंदाची शिदोरी ठेवून एक अंडं घालते आणि तोंड लिंपून टाकते. पिल्लू बाहेर येईपर्यंत बहुधा ती हयात नसते.

शेजारच्या सातारा जिल्ह्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं मधाचं गाव झालं. सातेरी, आग्या आपल्या ओळखीच्या आहेत, त्या मध देतात म्हणून. पण जगात मधमाश्यांच्या वीस हजारांहून जास्त प्रजाती नोंदल्या गेल्यात आणि त्यातल्या बहुतेक एकांड्या आहेत. आपल्या बांधावर त्यातल्या किती, हे कुणी बसून मोजायला हवं. मला हे काम फार मोलाचं वाटतं.

(दृश्य : सूक्ष्मदर्शक, टाचणीला लावलेली माशी)

काम सोपं नाही. निळ्या पट्ट्यांच्या माश्या एकीसारख्या एक दिसतात. त्यातल्या एकीचं वर्णन लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७५८ मध्येच केलंय. भारतातल्या माश्यांवरचा बिंगहॅम यांचा ग्रंथ १८९७ चा. हातातली माशी नवी प्रजाती आहे असं म्हणायच्या आधी जुनी वर्णनं आणि संग्रहालयांतले जुने नमुने, सगळ्यांशी ती ताडून बघावी लागते. पंखांवरच्या शिरा, जबड्याचे दात, पाठीवरचे खळगे, केसांचा रंग, नराची जननेंद्रियं. नराच्या स्पर्शिकेला १३ खंड, मादीच्या १२. नर-मादी इतके वेगळे दिसू शकतात की एकाच माशीला दोन नावं पडल्याची उदाहरणं आहेत. मग आधीचं नाव टिकतं, नंतरचं जातं.

एवढं करून ती खरंच वेगळी निघाली, तर एक नमुना निवडतात. त्याला होलोटाइप म्हणतात. पुढे कधीही शंका आली की याच नमुन्याकडे यायचं. टाचणीखाली एक चिठ्ठी असते : गाव, तालुका, जिल्हा, तारीख, कोणी पकडली. कोणत्या फुलावर बसली होती, हेही लिहिलं तर फार उपयोगी पडतं.

(दृश्य : पांढऱ्या मातीची जुनी भिंत, भोकं)

पण नंतर कुणी अभ्यासक ती चिठ्ठी वाचून त्या गावी आला, तर माशी तिथे असायला हवी ना? अमेगिलाची बिळं असतात अशा मातीच्या भिंतीत, ओढ्याच्या दरडीत, न नांगरलेल्या बांधात. जुनं घर पाडलं, दरड जेसीबीनं सपाट केली की बंद कप्प्यांतली पुढची पिढी ढिगाऱ्यात जाते. आपल्याला पत्ताही लागत नाही.

शेंडअळीसाठी औषध मारावं लागतं, ते शेतकऱ्यालाही चुकत नाही. मारायचंच असेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी मारा. आणि विहिरीकडच्या बांधाचा एखादा तुकडा न उकरता तसाच राहू द्या.