जाळीमागची माणसं

[दृश्य: शाळेचं मैदान. होम प्लेटमागची (फलंदाज उभा राहतो त्या जागेमागची) तारेची जाळी, तिच्यामागे घडीच्या खुर्च्यांची रांग.]

पिचरचा, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याचा, हात मागे गेला, की जाळीमागचे सगळे हात एकदम वर येतात. प्रत्येक हातात चेंडूचा वेग मोजणारी रडार गन. चेंडू कॅचरच्या हातमोज्यात आदळतो आणि सगळ्या माना एकाच वेळी खाली वळतात. वहीत आकडा पडतो, गन मांडीवर येते. पुढचा चेंडू, पुन्हा तेच.

ही मंडळी कुणाचे आईवडील नाहीत, सामना बघायला आलेले शौकीनही नाहीत. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये 30 संघ आहेत आणि यातला प्रत्येक जण त्यांतल्या कुणा ना कुणाचा पगारी माणूस आहे. यांना म्हणतात स्काउट. एप्रिल महिना, दक्षिण न्यू जर्सी. ऊन दिसतंय, पण वारा असा की पेन धरलेली बोटं आखडतात. समोर खेळतायत सतरा-अठरा वर्षांची शाळकरी पोरं. त्यांतला एखादा पहिल्या फेरीत घेण्याच्या लायकीचा आहे का, एवढंच या माणसांना ठरवायचंय.

पहिली फेरी म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत आहे. इथे लिलाव नसतो. शाळा-कॉलेजातल्या हौशी खेळाडूंची संघांनी आळीपाळीनं नावं पुकारायची, ज्यानं नाव घेतलं त्याच्याशीच त्या मुलानं करार करायचा, नाहीतर कॉलेजची वाट धरायची. या पद्धतीला ड्राफ्ट म्हणतात; ती 1965 साली सुरू झाली. त्याआधी ज्याच्या खिशात पैसा त्याच्याकडे पोरं जात. आता आदल्या वर्षी जो तळाला, त्याला आधी संधी; 2023 पासून पहिल्या सहा जागांसाठी चिठ्ठ्याही टाकतात. एकूण 20 फेऱ्या होतात. पण संघाचे पैसे, आशा आणि झोप अडकलेली असते ती पहिल्या फेरीत. 2023 साली पिट्सबर्गच्या संघानं पहिलंच नाव पॉल स्कीन्स या पिचरचं घेतलं आणि त्याच्या सहीला 92 लाख डॉलर मोजले. तेव्हा त्यानं व्यावसायिक सामन्यात एकही चेंडू टाकला नव्हता.

[दृश्य: स्टॉपवॉचवरचा अंगठा, अगदी जवळून. मागे धूसर दिसणारा, धावणारा मुलगा.]

हा अंगठा बघा. बॅटला चेंडू लागल्याचा आवाज झाला की बटण दाबायचं, धावणाऱ्याचा पाय पहिल्या बेसला, म्हणजे धावेतल्या पहिल्या ठाण्याला, टेकला की पुन्हा दाबायचं. अंतर 90 फूट. उजव्या हातानं खेळणाऱ्याला 4.3 सेकंदांच्या आसपास लागले, तर तो मेजर लीगच्या सरासरीत बसतो. चार सेकंदांच्या आत आला, तर जाळीमागे सगळे एकमेकांकडे न बघता घड्याळाकडे दुसऱ्यांदा बघतात. बघायचं नाही, हा इथला रिवाज आहे. शेजारी बसलेला रोजचा दोस्त असला तरी तो दुसऱ्या संघाचा. आपल्याला काय दिसलं ते चेहऱ्यावर येऊ द्यायचं नाही.

वहीतले गुण 20 ते 80 या पट्टीवर देतात. 50 म्हणजे मेजर लीगमधला सरासरी खेळाडू, 80 म्हणजे पिढीत एखादाच. फलंदाजाला पाच गोष्टींचे गुण मिळतात: चेंडू बॅटवर घेणं, लांब मारणं, धावणं, फेकणं आणि क्षेत्ररक्षण. शिवाय प्रत्येक गोष्टीला दोन आकडे, एक आजचा आणि एक पुढचा. आज 30 असलेला मुलगा पाच-सहा वर्षांनी 60 होईल का? पहिला आकडा घड्याळ आणि गन बघून देता येतो. दुसरा आकडा म्हणजे त्या माणसाची सगळी नोकरी.

आणि पाचांमधली पहिली गोष्ट सगळ्यांत अवघड. धावणं घड्याळात सापडतं, हाताचा जोर गनमध्ये सापडतो. पण हा मुलगा ताशी 150 किलोमीटरचा चेंडू बॅटवर घेऊ शकेल का, हे कशात मोजायचं? तो चेंडू पिचरच्या हातातून सुटल्यावर प्लेटपर्यंत यायला जेमतेम 0.4 सेकंद लागतात. शाळेच्या मैदानावर असा चेंडू टाकणारा समोर असतो कुठे? इथला पिचर ताशी 130 च्या आसपास टाकतो. हातात बॅट धातूची. धातूची बॅट दयाळू असते. चेंडू मधोमध लागला नाही तरी तो लांब जातो. पुढे व्यावसायिक खेळात लाकडाची बॅट येते, आणि तिच्यावर तोच फटका मनगट झिणझिणवून टाकतो.

[दृश्य: सामन्याआधीचा सराव. एकच मुलगा, एकामागून एक फटके. मंद गतीत.]

म्हणून स्काउट सामन्याच्या तासभर आधी येतात. हे फटके बघायला. वयामुळे या मुलाचं नाव आम्ही घेत नाही, पण त्याचं डोकं बघा. बॅट फिरताना ते जागचं हलत नाही. आधी कंबर वळते, हात मागून येतात, आणि ते येताना शरीरापासून लांब फाकत नाहीत. आता हा फटका... चुकला. चेंडू वर उडाला. जाळीमागे कुणी काही लिहिलं नाही. पुढच्या चेंडूला त्यानं पाय अर्धी वीत जवळ घेतला आणि तोच चेंडू सरळ मध्ये मारला. आत्ता लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचं त्यानं सुधारलं. आमच्या मते आम्ही टिपलेल्या सगळ्या चित्रीकरणात हा फटका सर्वांत मोलाचा आहे आणि तो कुठल्याही धावफलकावर नाही.

सामना सुरू झाल्यावर असे फटके बघायला मिळतीलच असं नाही. नाव झालेल्या मुलाला समोरचा प्रशिक्षक मारता येईल असा चेंडूच टाकू देत नाही, चार चेंडू बाहेर टाकून त्याला फुकट पहिल्या बेसवर धाडतो. दोनशे मैल गाडी हाकून आलेला माणूस एकही फटका न बघता परत जातो. फ्लोरिडा, टेक्सास, कॅलिफोर्नियात बारा महिने बेसबॉल चालतो; तिथल्या मुलाचे शेकडो फटके बघून झालेले असतात, तेही चांगल्या पिचरसमोरचे. न्यू जर्सीत मार्चपर्यंत मैदानं गारठलेली. मोसम एप्रिलमध्ये सुरू होतो, त्यातही निम्मे दिवस पावसाचे. उत्तरेकडच्या मुलावर पहिली फेरी उधळायला संघ बिचकतात ते यामुळे. मुलात खोट असते म्हणून नव्हे, त्याला पुरेसं बघितलेलं नसतं म्हणून.

[दृश्य: मिलव्हिल गाव. जुना काच कारखाना, मुख्य रस्ता, शाळेची पाटी.]

हे मिलव्हिल. एडिसनला आपली मराठी वस्ती मोठी आहे. तिथून दक्षिणेला दीडएक तास गाडी चालवली की हे गाव येतं. इथल्या वाळूवर काचेचे कारखाने उभे राहिले, बाटल्या-बरण्या देशभर गेल्या. या गावच्या शाळेत 2009 साली माइक ट्राउट नावाचा मुलगा शेवटच्या वर्षाला होता. आदल्या वर्षापर्यंत तो शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधे, उभा राहायचा, पिचिंगही करायचा. त्या मोसमात त्याला बाहेरच्या मैदानात, आउटफील्डला हलवलं. म्हणजे ज्या जागेसाठी त्याला पारखायचं, त्या जागेवर त्याला फारसं कुणी पाहिलेलंच नव्हतं.

ईशान्येकडचा हा सगळा टापू लॉस एंजलिस एंजल्स संघासाठी ग्रेग मोरहार्ट बघायचे. टापूचा स्काउट, म्हणजे उतरंडीत सगळ्यांत खालचा माणूस. त्याच्यावर प्रांताप्रांतांची तुलना करणारे, त्यांच्यावर संचालक. आणि इथे एक गोष्ट अशी आहे, जी कुठल्याही पट्टीवर मावत नाही. माइकचे वडील जेफ ट्राउट त्याच शाळेत इतिहास शिकवायचे, पण त्याआधी त्यांनी मिनेसोटा ट्विन्सच्या खालच्या संघांमधून चार वर्षं बेसबॉल खेळला होता. 1983 साली पाचव्या फेरीत त्यांची निवड झाली होती. मेजर लीगपर्यंत ते पोहोचले नाहीत. त्या खालच्या संघात त्यांच्यासोबत खेळलेला एक गडी म्हणजे ग्रेग मोरहार्ट.

मोरहार्ट यांनी बापाला खेळताना पाहिलं होतं. त्याची ताकद, त्याचा वेग, पराभवानंतर तो कसा वागतो, हे सगळं ड्रेसिंग रूममध्ये शेजारी बसून पाहिलं होतं. मग त्यांनी मुलगा पाहिला. बापापेक्षा मोठं हाडपेर, त्याहून जास्त वेग. सहा फुटांवर उंची, खांदे भरलेले, आणि तरीही पहिल्या बेसपर्यंतची धाव अशी की घड्याळावर विश्वास बसू नये. चेंडू त्याच्याकडे आला नाही तरी तो पळत असायचा. त्या मोसमात त्यानं 18 होमरन मारले, म्हणजे चेंडू थेट मैदानाबाहेर; न्यू जर्सीच्या शालेय बेसबॉलमधला तो तेव्हाचा विक्रम. थंडीतल्या राज्यात, धातूच्या बॅटनं, हळू पिचरांसमोर मारलेले म्हणून इतरांनी ते आकडे हात राखून वाचले. मोरहार्ट यांनी हात राखला नाही. त्यांनी फार वरचे गुण देऊन अहवाल पाठवला आणि संचालक एडी बेन यांच्यामागे लकडा लावला.

असा अहवाल एका भेटीत लिहिता येत नाही. टापूचा स्काउट मुलाच्या घरी जातो, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसतो. कॉलेज सोडून यायला किती पैसे मागणार, हे विचारावंच लागतं. ट्राउटचं ईस्ट कॅरोलायना विद्यापीठाशी ठरलेलं होतं. पण पैशाचं बोलणं चालू असताना मुलगा आईशी कसा बोलतो, धाकट्या भावंडांवर खेकसतो का, तेही तो बघत असतो. मैदान आखणाऱ्या माणसाला विचारतो, सरावानंतर चेंडू गोळा कोण करतं? उत्तर वहीत जातं. या मुलाच्या नशिबात पुढे चार-पाच वर्षं छोट्या गावांतले बस प्रवास आणि दहातल्या सात वेळा बाद होणं लिहिलेलं आहे. ते कोण सोसेल, हे गनला दिसत नाही.

[दृश्य: संगणकाचा पडदा. चेंडूचे फिरके, बॅटवरून सुटलेल्या चेंडूचा कोन, रंगीत रेषा.]

आज ट्रॅकमॅनसारखी यंत्रं कॉलेजच्या मैदानांवर बसली आहेत. चेंडू मिनिटाला किती फेरे घेतो, बॅटवरून किती वेगानं सुटतो, सगळं पडद्यावर येतं. 2021 पासून लीग स्वतः शिबिर भरवून मुलांच्या चाचण्या घेते. उन्हाळ्यात मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडला कॉलेजची पोरं लाकडी बॅटनं खेळतात, तिथले आकडे सगळे संघ चाळतात. हे सगळं चांगलंच आहे. धातूच्या बॅटचा भुलावा यानं बराच कमी झाला.

यंत्र शरीराच्या आतही बघतं. कुमार रॉकर, ज्याची आई भारतीय वंशाची आहे, व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा पिचर. पहिल्याच वर्षी, 2019 मध्ये, ड्यूक विद्यापीठाविरुद्ध त्यानं 19 जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद केलं, आणि एकालाही हिट, म्हणजे मारून बेस गाठणं, मिळू दिली नाही. 2021 मध्ये न्यूयॉर्क मेट्सनं दहावं नाव त्याचं घेतलं. वैद्यकीय तपासणीनंतर करार केलाच नाही. त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली, तो एका लहान स्वतंत्र लीगमध्ये खेळला, आणि पुढच्या वर्षी टेक्सास रेंजर्सनं त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचललं. त्यांच्या माणसांनी त्याला तिथे जाऊन पाहिलं होतं.

शाळेच्या मैदानावर मात्र अजूनही जाळी, खुर्ची आणि माणूस लागतो. आणि नेमका तोच माणूस कमी होतोय. 2020 च्या साथीत ड्राफ्ट पाच फेऱ्यांवर आला तेव्हा अनेक संघांनी स्काउटना घरी बसवलं. व्हिडिओ बघून काम भागतं, असं सांगतात. फ्लोरिडातल्या मुलाचं भागेलही. मिलव्हिलच्या मुलाचा व्हिडिओ म्हणजे बापानं फोनवर टिपलेले चार फटके. ज्या मुलाला आधीच कमी बघितलं जातं, त्याच्या वाट्याचा बघणारा आपण काढून घेतोय.

[दृश्य: 9 जून 2009. सिकॉकसमधला स्टुडिओ. सूट घातलेला एकटा मुलगा, शेजारी कुटुंब.]

निवडीच्या संध्याकाळी न्यू जर्सीतल्याच या स्टुडिओत हजर राहिलेला तो एकमेव खेळाडू. पहिलं नाव स्टीव्हन स्ट्रासबर्गचं. तिसरं डोनाव्हन टेटचं: जॉर्जियाचा, शाळकरी, आउटफील्डर, सहीचे 62.5 लाख डॉलर. चोविसावी आणि पंचविसावी पाळी एंजल्सची होती. पंचविसावी मुळात न्यूयॉर्क यांकीज संघाची, एंजल्सच्या मार्क टेशेराला घेतल्याबद्दल ती त्यांना द्यावी लागली होती. चोविसावं नाव टेक्सासच्या रँडल ग्रिचकचं. मग माइक ट्राउट, 12.15 लाख डॉलर.

टेट मेजर लीगमध्ये कधीच खेळला नाही. ट्राउट 2014, 2016 आणि 2019 असा तीनदा अमेरिकन लीगचा (मेजर लीगच्या दोन भागांतल्या एकाचा) सर्वोत्तम खेळाडू ठरला. मेजर लीगच्या मैदानात तो पहिल्यांदा उतरला 8 जुलै 2011 रोजी. त्याआधीच, 2010 चा मोसम संपता संपता, एंजल्सनं एडी बेन यांना कामावरून काढलं होतं.