आधी बदक, मग जखम

नमस्कार मंडळी. आजचा विषय 'बदकांचे प्रथमोपचार' असा जाहीर झालाय. तो मी थोडा आवळून घेतो. लंगडणं, अंडं अडकणं, सर्दी, हे सगळं आज बाजूला ठेवू. कुत्र्याने, मांजराने, मुंगसाने नाहीतर एखाद्या घारी-ससाण्याने तुमच्या बदकाला धरलं, तुम्ही ओरडत धावलात, ते सुटलं, आणि आता रक्ताळलेलं असं तुमच्या पुढ्यात आहे. तिथून पुढे काय करायचं, एवढंच बोलू.

या वेळी बहुतेकांचा क्रम उलटा होतो. रक्त दिसलं की हात थेट जखमेकडे जातो. मग नळाखाली धरणं, औषध ओतणं, चोच उघडून पाणी पाजणं, घरातल्या प्रत्येकाने एकदा उचलून बघणं. सगळं मायेपोटीच असतं. पण जखमेने कदाचित मेलं नसतं असं बदक या धांदलीत जातं.

त्याचं कारण शॉक. शॉक म्हणजे नुसतं घाबरणं नव्हे. रक्तदाब उतरतो, अवयवांना रक्त पुरत नाही, शरीर गार पडायला लागतं. अशा वेळी दर वेळचं पकडणं, दर वेळची झटापट उरलीसुरली ताकद खर्च करते. बदक हा शिकार होणारा प्राणी आहे, अशक्तपणा दाखवणं त्याला परवडत नाही. त्यामुळे हल्ल्यानंतर ते कोपऱ्यात गप्प उभं राहिलं तर 'सावरलं बिचारं' असं म्हणून पाठ फिरवू नका. ते गप्प का आहे, ते बघा.

बघायचं कसं? पायाचे पडदे हातात घ्या. गार आहेत का? चोच नेहमीपेक्षा फिकी आहे का? डोळे मिटमिट होतायत, मान सावरत नाही? पंखाच्या आतल्या बाजूला, कोपराजवळ, कातडीखालून एक शीर दिसते. ती बोटाने क्षणभर दाबून सोडा. निरोगी पक्ष्यात ती सोडताक्षणी भरते. भरायला सेकंदाहून जास्त लागला तर रक्ताभिसरण ढासळलंय. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. बदकाचं तापमान 41 ते 42 अंश सेल्सियस असतं, म्हणजे आपल्यापेक्षा चारेक अंश जास्त. पंखाखाली हात घातल्यावर ते आपल्याला गरमच लागायला हवं. नुसतं कोमट लागलं तर तुमचं बदक गार पडलंय.

जखमेला आधी हात लावायचा तो एकाच कारणासाठी, वाहतं रक्त थांबवायला. स्वच्छ कापडाची घडी किंवा गॉझ ठेवून पाच मिनिटं सलग दाबा. मधेमधे उचलून 'थांबलं का' बघू नका, धरलेली गुठळी निघते. नवीन उगवणारं पीस मुळाशी तुटलं असेल तर त्यातूनही बरंच रक्त येतं, तिथे कॉर्नफ्लोअर दाबलं तरी चालतं. उघड्या जखमेत मात्र कुठलीही पूड भरायची नाही. आणि रक्त बघून हातपाय गाळू नका. पक्ष्यात वजनाच्या साधारण 6 ते 10 टक्के रक्त असतं. दोन किलोच्या बदकात 120 ते 200 मिलिलिटर. त्यातलं 20 मिलिलिटर गेलं तर धडधाकट बदक सोसतं. पांढऱ्या पिसांवर तेवढंच रक्त केवढं भयंकर दिसतं, ते ज्याने पाहिलंय त्याला ठाऊक आहे.

उचलताना अंगावर टॉवेल टाका, पंख अंगाशी मिटवा, एक हात पोटाखाली. पायांना धरून लोंबकळवायचं नाही, बदकाचे पाय त्यासाठी नाहीत. मानेला धरून तर मुळीच नाही. आणि छाती आवळू नका. पक्ष्यांना आपल्यासारखा श्वासपटल नसतो, छातीचं हाड पुढे-मागे हललं तरच श्वास आत जातो. घट्ट कवटाळलेलं बदक तुमच्या हातात गुदमरू शकतं. घट्ट गुंडाळलेल्या बँडेजचंही तेच.

मग खोकं. हवेला भोकं असलेलं, आत न घसरणारा टॉवेल, अंधार, शांतता. उबेसाठी गरम पाण्याची बाटली कापडात गुंडाळून एका बाजूला ठेवा. एकाच बाजूला, म्हणजे नको असेल तेव्हा त्याला सरकता येईल. आतली हवा 29 ते 32 अंशांच्या आसपास असावी. चोच उघडून धापा टाकायला लागलं तर ऊब जास्त झाली. अर्धा-पाऊण तास झाकण उघडू नका. दवाखान्याला फोन करायचा तो याच वेळात. पक्षी बघणारा डॉक्टर पहिल्या फोनवर मिळत नाही हा माझा नेहमीचा अनुभव, म्हणून नंबर आधीच शोधून ठेवा.

पाणी? शुद्धीवर असेल, मान धरत असेल, तर पुढ्यात ठेवा. त्याचं ते पिईल. ओतायचं नाही. पक्ष्यांची श्वासनलिका जिभेच्या मुळाशीच उघडते. निपचित बदकाच्या चोचीत ओतलेलं पाणी सरळ फुप्फुसात जाऊ शकतं.

आता जखमेकडे येऊ. इथे मला थोडा जास्त वेळ द्या.

पाठीची कातडी हातभर फाटलेली, आतलं मांस दिसतंय, असं बदक बघून लोक आशा सोडतात. असली जखम बऱ्याचदा भरते. स्वच्छ ठेवली, ओली राखली, माशा बसू दिल्या नाहीत तर पक्ष्याची कातडी आश्चर्य वाटावं इतक्या वेगाने पुढे सरकते. मला भीती वाटते ती दाताच्या भोकाची. टाचणीच्या डोक्याएवढं, पिसांखाली लपलेलं, रक्तही न आलेलं. मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जिवाणू असतात. सुईसारख्या दाताने ते खोल मांसात पोचतात, वरची कातडी मिटते, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्तात विष पसरून बदक दगावतं. घरचे सांगतात, 'काही लागलं नव्हतं हो, घाबरूनच गेलं.' मांजराने तोंडात धरलं असेल तर जखम सापडो न सापडो, त्याच दिवशी अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं, आणि ते डॉक्टरांनीच ठरवायला हवं.

भोकं शोधायची पद्धत सांगतो. लाळेने चिकटलेली, भिजून पुंजका झालेली पिसं दिसली की तिथे थांबा. पिसं पाण्याने ओली करून बाजूला सारा, उपटू नका, कातडी पातळ असते, सोबत फाटते. सुळे जोडीने असतात. एक भोक मिळालं की दुसरं थोड्या अंतरावर शोधा, आणि मग अंगाच्या विरुद्ध बाजूला, कारण जबडे दोन असतात. शिकारी पक्ष्याच्या नख्यांच्या खुणा बहुतेक पाठीवर आणि मानेच्या मुळाशी मिळतात.

कुत्र्याची गोष्ट वेगळी. तो धरून झटकतो. वरून कातडी शाबूत, आत स्नायू चेंगरलेले, हाड मोडलेलं, कधी पोटात रक्तस्राव. दोनेक दिवसांनी कातडी हिरवी दिसायला लागली की लोकांना वाटतं सडलं. घाबरू नका. पक्ष्यांचा मुका मार हिरवाच पडतो, आपल्यासारखा पुढे पिवळा होत नाही. सडलेला भाग काळा, गार आणि घाण वासाचा असतो.

धुवायला सलाईन उत्तम. नसेल तर अर्धा लिटर पाणी उकळून कोमट करा आणि त्यात साडेचार ग्रॅम, म्हणजे पाऊण छोटा चमचा, मीठ घाला. सुई काढलेल्या सिरिंजने धार मारून माती, पिसांचे तुकडे बाहेर येऊ द्या. पोव्हिडोन आयोडीन वापरायचं तर पाण्यात फिक्या चहाच्या रंगावर आणून. हायड्रोजन पेरॉक्साइडचा फेस बघून समाधान वाटतं, पण तो जिवंत पेशीही मारतो. स्पिरिट तर नकोच.

या धुण्याला एक अपवाद आहे. पक्ष्यांच्या छाती-पोटात हवेच्या पिशव्या असतात, आणि दंडाच्या हाडाची पोकळीही श्वसनाशी जोडलेली असते. छातीवर, पोटावर खोल भोक असेल, त्यातून श्वासाबरोबर बुडबुडे येत असतील, किंवा दंडाचं हाड मोडून बाहेर आलं असेल, तर आत धार मारायची नाही. ते पाणी म्हणजे बुडवणंच. ओलं गॉझ झाका आणि निघा. जखमेभोवती कातडी फुगून बोटाखाली करकरली तर हवा कातडीखाली शिरलीय, हेही डॉक्टरांना सांगा.

मलमांबद्दल थोडक्यात. तेलकट मलम पिसांना लागलं की पिसं पाणी धरतात. वेदनाशामक मिसळलेली, नावाच्या शेवटी 'केन' येणारी औषधं असलेली मलमं टाळा, पक्ष्यांना ती बाधतात. स्टिरॉइडची मलमंही नकोत. आपल्या डब्यातली वेदनाशामक गोळी तर फोडून अर्धी-पाव करूनही देऊ नका. जखमेवर औषध लागतंच असा आग्रह कशाला? पहिल्या दिवशी स्वच्छ धुतलेली, ओल्या गॉझने झाकलेली जखम पुरेशी असते.

प्रश्न आलाय, टाके घालायचे की नाही. दाताचं भोक घरी कधीच बंद करू नका, डिंकाने नाही, चिकटपट्टीने नाही. पक्ष्यांचा पू आपल्यासारखा पातळ होऊन वाहत नाही. त्याचा घट्ट, कोरडा, पिवळट गोळा होतो आणि तो आत बसून राहतो. भोक उघडं असेल तर निदान काढता येतो.

दुसरा प्रश्न माशांचा. उन्हाळ्यात जखमी बदक उघड्यावर ठेवू नका. जखमेच्या कडेला, शेपटीखाली पांढरट पिवळे पुंजके दिसले तर ती माशांची अंडी, एका दिवसात त्यांच्या अळ्या होतात. चिमट्याने सगळ्या वेचा, सलाईनने धुवा, चार-सहा तासांनी परत बघा.

कळपात कधी सोडायचं? उघडी जखम असेपर्यंत नाही. लाल दिसलं की बाकीची बदकं टोचतात. पण एकटं कोंडलेलं बदक खाणं सोडतं, म्हणून जाळीपलीकडे एखादा सोबती दिसेल असं ठेवा. रोज सकाळी वजन करा. दोन दिवस सलग उतरलं, किंवा विष्ठा गडद हिरवी आणि अगदी थोडी होऊ लागली, तर ते खात नाहीये, मग भांड्यातलं खाद्य कितीही पसरलेलं दिसो. औषधं चालू असताना अंडी खायची की नाही, किती दिवस नाही, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

आणि पोहणं. जखम पूर्ण मिटेपर्यंत तळं नाही, टब नाही. प्यायचं भांडं मात्र नाकपुड्या बुडतील इतकं खोल हवं, नाक-डोळे धुतल्याशिवाय बदक राहत नाही. पुढे पाण्यात सोडण्याआधी पाठीवर थोडं पाणी शिंपडून बघा. थेंब घरंगळून गेले तर ठीक. पिसांत मुरले तर अजून थांबा, विशेषतः शेपटीच्या मुळाशी, तेलाच्या ग्रंथीजवळ चावा बसला असेल तर. पहिल्यांदा उथळ पाणी, पाच-दहा मिनिटं, आणि तुम्ही काठावर.