दम किती लागला, ते आकड्यात सांगा

हृदयाचं पंपिंग कमी झालेल्या, म्हणजे हार्ट फेल्युअर असलेल्या माणसाने किती जोरात चालायचं, हा प्रश्न निघाला की घरातली तरुण मंडळी मनगटावरच्या घड्याळाकडे बोट दाखवतात. २२० मधून वय वजा करा, त्याच्या ७० टक्के ठोके यायला हवेत! निरोगी माणसाला हा ढोबळ हिशेब चालतो. हार्ट फेल्युअरमध्ये तो धोक्याचा आहे. यातले बहुतेक जण मेटोप्रोलॉल, कार्वेडिलॉल किंवा बिसोप्रोलॉल घेत असतात आणि या गोळ्या ठोके फारसे वाढू देत नाहीत. साठीतल्या माणसाचं लक्ष्य या हिशेबाने ११२ येतं. गोळी चालू असताना ९५ ला त्याला धाप लागलेली असू शकते आणि शेजारून चालणारा मुलगा म्हणत असतो, "बाबा, अजून थोडं." एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) किंवा पेसमेकर असेल, तर घड्याळावर आणखीच विसंबता येत नाही.

म्हणून स्वीडनचे मानसशास्त्रज्ञ गुन्नार बोर्ग यांची पट्टी वापरायची, जिच्यावर माणूस स्वतःच किती श्रम वाटताहेत ते आकड्यात सांगतो. ती ६ पासून २० पर्यंत जाते. ६ पासूनच का, तर निरोगी तरुणाच्या आकड्याला दहाने गुणलं की साधारण त्याचे ठोके मिळावेत म्हणून. आपल्या पेशंटला तो गुणाकार लागू नाही, पण शब्द लागू आहेत: ९ म्हणजे खूप हलकं, ११ हलकं, १३ थोडं जड, १५ जड, १७ खूप जड. आपलं काम ११ ते १३ मध्ये. अंगवळणी पडल्यावर १४.

चूक होते ती विचारण्यात. "दमलात का?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "छे, छे!" पट्टी मोठ्या अक्षरात छापा आणि चालणं चालू असतानाच दर पाच मिनिटांनी समोर धरा. थांबून खुर्चीत बसल्यावर सांगितलेला आकडा सहसा कमीच निघतो. सुरुवातीलाच दोन्ही टोकं समजावून द्या: ६ म्हणजे स्वस्थ बसलोय, २० म्हणजे आता एक पाऊलही टाकवत नाही. श्वास, पाय, सगळं अंग मिळून एकच आकडा घ्यायचा. मात्र आधी काय थकलं, तेही लिहून ठेवा. या आजारात पायांचे स्नायू झिजतात, त्यामुळे पुष्कळदा पायच आधी बोलतात. ते हृदय बिघडल्याचं लक्षण असेलच असं नाही, आणि व्यायामाने त्यात सुधारणा होते. आकड्याचा भरवसा वाटत नसेल तर बोलायला लावा. पूर्ण वाक्य न तुटता आलं पाहिजे. तीन शब्दांनी धाप लागली, तर वेग कमी.

हे सगळं तब्येत स्थिर असताना, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच. आधी ५-१० मिनिटं ९ च्या आसपास रमतगमत. मग फार अशक्त माणसाने ५ मिनिटं चालावं, बसावं, पुन्हा ५ मिनिटं. आधी वेळ वाढवायचा, हळूहळू ३० मिनिटांपर्यंत, वेग नंतर. शेवटी एकदम थांबू नका. रक्त पायांत साठतं, त्यात बीपी उतरवणाऱ्या गोळ्या, आणि माणूस भोवळ येऊन पडतो. छातीत दुखलं, चक्कर आली, धडधड वाढली तर आकडा न विचारता थांबा आणि डॉक्टरांना कळवा.

रोजचा आकडा वहीत लिहा, शेजारी सकाळचं वजन. तोच रस्ता काही आठवड्यांनी १३ चा ११ झाला, तर थोडं वाढवायला हरकत नाही. पण कोपऱ्यावरच्या देवळापर्यंतचं जे चालणं परवापर्यंत ११ होतं, ते आज त्याच वेगात १५ वाटतंय? तर अंगात पाणी साठत असेल. वजन तीन दिवसांत दोन किलोंनी वाढलंय का, पावलांवर बोट दाबल्यावर खळगा राहतो का, रात्री आडवं झाल्यावर धाप लागते म्हणून एक उशी जास्त लागते का, ते बघा. यातलं काही असेल तर त्या दिवशी चालायला जायचं नाही, डॉक्टरांना फोन करायचा.