वजन उतरलं, ताकदीचं काय?

अध्यक्षांनी मला आत्ता ‘तज्ज्ञ’ म्हटलं. माझी बायको पहिल्याच रांगेत बसली आहे, तेव्हा तो शब्द सविनय परत करतो. बँकेत नोकरी, वय बावन्न आणि गेल्या वर्षी उतरवलेलं १४ किलो वजन, एवढंच माझं भांडवल.

तुमच्यापैकी वजन कमी केलेले किती जण? हात वर करा बघू. वा! आणि त्यानंतर ‘शुगर निघाली का हो?’ हे ऐकून घेतलेले? बघा, सगळे तेच हात. आपल्याकडे माणूस सुटला की ‘पाणी मानवलं’ आणि बारीक झाला की ‘रिपोर्ट काढलेत का?’ एका लग्नात तर एक मावशी माझ्या पानात जिलबी वाढताना डोळे पुसत होत्या. जाऊ दे.

माझी खरी तक्रार वेगळी आहे. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस असतो १४.२ किलो. म्हणजे जवळपास तेवढं ओझं मी अंगावरून उतरवलं. पण भरलेला सिलिंडर दारातून ओट्यापर्यंत न्यायचा तर मुलाला हाक! शर्ट सैल, पट्टा सैल आणि दंडही सैल. म्हणून गेलो जिममध्ये. काउंटरवरचा पोरगा पंचविशीचा असेल, मान कुठे संपते नि खांदा कुठे सुरू होतो कळत नव्हतं. त्याने मला नखशिखान्त न्याहाळलं आणि म्हणाला, “काका, ट्रेडमिल त्या बाजूला.” म्हटलं, मला वजनं उचलायचीत. “कशाला काका? तुम्ही ऑलरेडी बारीक आहात.” अरे, म्हणूनच तर! “या वयात सांधे जातात काका. वॉक करा, मन प्रसन्न राहतं.” मन प्रसन्नच होतं, तो बोलेपर्यंत. शेवटी दोन-दोन किलोचे गुलाबी डंबेल दिले हातात, आणि पावडरचा डबा घ्या म्हणून मागे लागला. डबा डंबेलपेक्षा जड!

आणि हे कुठे, तर जिथे पेठापेठांत तालमी होत्या तिथे. जोर, बैठका, फिरवायला लाकडी मुद्गल नि करेला! तिकडे बडोद्यात दत्तात्रय चिंतामण मुजुमदार या संपादकांनी व्यायामाचा अख्खा ज्ञानकोश मराठीत काढला, दहा खंडांचा. केस पिकलेले वस्ताद लंगोट कसून हौद्यात उतरायचे, त्यांना कुणी ‘काका, ट्रेडमिल’ म्हणायची हिंमत केली असती का? त्यांचा खुराक मात्र आपल्याला झेपणारा नाही, तो विषय नको.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं? बरं, पळतो.

मुद्दा असा. नुसतं खाणं तोडून वजन उतरवलं की एकटी चरबी जात नाही. उतरलेल्या वजनातला साधारण चौथा हिस्सा चरबीचा नसतोच, इतर ऐवजाचा असतो, त्यात स्नायू आले. चाळिशीनंतर ते तसेही झडत असतात. चालणं हृदयाला उत्तम, पण दंडाला त्याचा काय उपयोग? ‘आता उशीर झाला’ म्हणणाऱ्यांसाठी: १९९० साली अमेरिकेत शुश्रूषागृहातल्या नव्वदीच्या दहा जणांकडून आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम करून घेतल्याचं संशोधन प्रसिद्ध झालं. नऊ जण शेवटपर्यंत टिकले, त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. त्यांच्यापुढे आपण शाळकरी.

करायचं काय? आठवड्यातून किमान दोन दिवस. खुर्चीवरून हात न टेकता ऊठबस. जोर आधी भिंतीला, मग ओट्याला, मग जमिनीवर. पाठ ताठ ठेवून खालून वजन उचलणं, काहीतरी ओढणं, दोन्ही हातांत वजन घेऊन चालणं. प्रत्येक प्रकार आठ ते बारा वेळा, दोन-तीन फेऱ्या. बारा सहज व्हायला लागले की वजन वाढवायचं; वर्षभर तेच गुलाबी डंबेल हलवत बसलात तर फुकट. श्वास कोंडायचा नाही. बीपी, हर्निया, मणक्याचं दुखणं असेल तर आधी डॉक्टर. प्रथिनं आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, हिशेबाने आपल्या वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम, वजनं उचलणाऱ्याला त्याहून जास्तच लागतात. पातळ वरणाच्या वाटीवर भागत नाही. अंडी, दही, पनीर, मासळी, उसळी, जे चालत असेल ते. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी मात्र विचारूनच.

बायकांना तर हाडांसाठी हे जास्तच गरजेचं, त्यावर दहा मिनिटं बोलणार होतो. हो, हो, अध्यक्षमहाराज, थांबतो. चहा मागच्या बाजूला आहे. उठताना खुर्चीचे हात धरू नका, मी इथून बघतोय.