परड्यातले सूर्यफूल आणि पाखरांचा वाटा

दसरा चौकातले सोने लुटून झाले आणि परतीचा पाऊस ओसरला, की कोल्हापुरातल्या परड्यांमध्ये मातीला वाफसा येऊ लागतो. या चित्रफितीत दिसणारे, कळंबा तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या वसाहतीतील हे परडे काही फार मोठे नाही. एका कडेला कढीपत्ता आहे, दुसऱ्या कडेला धुण्याचा दगड आहे, आणि मधल्या मोकळ्या जागेत, जिथे दिवसभर ऊन मिळते, तिथे सूर्यफुलाच्या दोन ओळी उभ्या आहेत. या घरातील आजी त्या दरवर्षी लावतात. बियाण्यापुरती दोन-तीन कणसे बाजूला ठेवली, की उरलेली सगळी आजी पाखरांसाठी झाडावरच राहू देतात.

लागवडीत अवघड असे काही नाही. शेणखत मिसळलेल्या भुसभुशीत मातीत दोन ओळींमध्ये दीड-दोन फूट आणि दोन रोपांमध्ये एक फूट अंतर ठेवून, एकेका जागी दोन-दोन बिया, दीड इंचापेक्षा खोल जाणार नाहीत अशा बेताने, टोकायच्या. रोपे वर आली की त्यांतले जोमदार रोप ठेवून दुसरे काढून टाकायचे. पाणी साचू द्यायचे नाही, कारण सूर्यफुलाची मुळे पाण्याची थोडी ओढ सोसतात, पण दलदल सोसत नाहीत. आजी संकरित बियाणे घेत नाहीत. ‘भानू’ किंवा ‘फुले भास्कर’ यांसारख्या सुधारित वाणाचे घरचे बी पुढच्या वर्षी पेरता येते. संकरित वाणाच्या बियांपासून मात्र तशीच झाडे येतील याचा भरवसा नसतो.

पडद्यावर आता दिसते आहे ती कळीची अवस्था. सकाळी पूर्वेला वळलेला शेंडा संध्याकाळी पश्चिमेकडे झुकतो आणि रात्रीतून पुन्हा पूर्वेला येतो. हे घडते ते खोडाच्या वाढीमुळे: दिवसा खोडाची पूर्वेकडची बाजू अधिक वाढते, रात्री पश्चिमेकडची. फूल पूर्ण उमलले की हे वळणे थांबते आणि बहुतेक फुले पूर्वेकडे तोंड करून स्थिर होतात. कॅलिफोर्नियातील संशोधकांनी 2016 मध्ये असे दाखवून दिले, की पूर्वेला तोंड असलेली फुले सकाळी लवकर तापतात आणि अशा फुलांवर, मुद्दाम पश्चिमेकडे वळवून ठेवलेल्या फुलांच्या तुलनेत, सकाळच्या वेळी कितीतरी अधिक मधमाश्या येतात.

कॅमेरा जवळ नेल्यावर आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याला आपण एक फूल म्हणतो, तो शेकडो फुलांचा गुच्छ असतो. कडेच्या पिवळ्या पाकळ्यांपैकी प्रत्येक पाकळी म्हणजे एक वांझ फूल. तिच्यात बी धरत नाही. मधल्या तबकडीवरची बारीक फुले आतबाहेर फिरणाऱ्या वळणांच्या ओळींत मांडलेली असतात, आणि एका दिशेच्या ओळी मोजल्या तर 34, दुसऱ्या दिशेच्या मोजल्या तर 55, असे आकडे अनेकदा भेटतात. ही फुले कडेकडून मध्याकडे, काही दिवसांत क्रमाने उमलतात. या काळात माश्या कमी असतील, तर दाणे पोचट राहतात. म्हणून आजी सकाळी दहाच्या सुमारास तळहाताला तलम कापड गुंडाळून एका कणसावरून दुसऱ्या कणसावर हलकेच हात फिरवतात; शेतातही हाच उपाय सांगितला जातो. या चित्रीकरणात त्यांच्या बोटांवर साचलेला पराग नीट दिसतो.

सूर्यफूल मूळचे उत्तर अमेरिकेचे. आपल्याकडे तेलबियांचे पीक म्हणून ते 1969 मध्ये सोव्हिएत रशियातून आणलेल्या वाणांमुळे रुजले. पोपटांनी मात्र या परदेशी पाहुण्याशी ओळख करून घ्यायला फारसा वेळ लावलेला दिसत नाही.

संक्रांतीच्या सुमारास कणसाची मागची बाजू पिवळी होऊन तपकिरी पडू लागते, दाणे भरतात आणि मान खाली वाकते. हे दृश्य आम्ही मुद्दाम लांब ठेवले आहे. पोपट वाकलेल्या देठावर उलटा लटकतो, कडेची बी उपटतो, चोचीचा वरचा भागही हलवता येत असल्याने तिला जिभेने फिरवत नेमकी फोडतो, आणि गर गिळून टरफल सोडून देतो. एका बीला एखाद-दुसरा क्षणच लागतो. खाली सांडलेले दाणे चिमण्या आणि खारी वेचतात. कुंपणावर बसलेला दयाळ पक्षी बियांना शिवत नाही. त्याला हवे असतात ते झाडावरचे किडे. आजींनी झाडाजवळ ना ताट ठेवले आहे, ना पिंजरा. देशी पोपट पिंजऱ्यात ठेवणे वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार गुन्हा आहे, आणि हे दृश्य पाहिल्यावर त्या कायद्याची गरज वेगळी पटवून द्यावी लागत नाही. शेतात हेच पोपट सूर्यफुलाचे मोठे नुकसान करतात आणि शेतकऱ्याला पीक राखावे लागते, हेही खरे.

बियाण्यासाठी ठेवायच्या कणसांना दाणे भरण्याच्या वेळीच सुती कापडाची पिशवी बांधली जाते. वाळल्यावर ती कापून, दाणे हाताने चोळून, सावलीत सुकवून डब्यात भरतात. त्यातलेच मूठमूठ बी गल्लीतल्या घरांना जाते. खाली साचलेली टरफले मात्र रोज झाडून काढावी लागतात, कारण त्यांतील द्रव्यांमुळे त्या जागी कोथिंबीर-मेथीसारखे दुसरे बी नीट उगवत नाही. पेरणीसाठी दुकानात मिळणारे रंगीत, औषध लावलेले बियाणे पाखरांना कधीही घालू नये. ते त्यांच्यासाठी विषारी ठरते. खारे, भाजलेले दाणेही त्यांच्यासाठी नाहीत.