पी५३ ‘निगेटिव्ह’ आला, म्हणजे कर्करोग नाही का?

नमस्कार. अन्ननलिकेच्या बायोप्सीवरील मागच्या व्हिडिओखाली तासगाव, विटा, कराड अशा अनेक ठिकाणांहून एकच प्रश्न आला आहे : “डॉक्टर, वडिलांचा पी५३ निगेटिव्ह आला, म्हणजे कॅन्सर नाही ना?” आज मी तेवढ्याचेच उत्तर देणार आहे.

घास अडकू लागला की दुर्बिणीतून तपासणी होते, तुकडा काढला जातो आणि निदान मुख्यतः त्यातील पेशींच्या रचनेवरून होते. तुकडा लहान असेल किंवा पेशींतील बदल संशयास्पद वाटत असतील, तेव्हा पी५३ या प्रथिनाची आयएचसी तपासणी (इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री, म्हणजे तुकड्यातील ठरावीक प्रथिन रंगवून दाखवणारी तपासणी) मदतीला येते.

पी५३ हे प्रथिन १९७९ साली प्रथम वर्णिले गेले. निरोगी पेशीत ते तयार होते आणि काही मिनिटांतच मोडून टाकले जाते, म्हणून काचपट्टीवर त्याचा तपकिरी रंग फिकट आणि विखुरलेला दिसतो. हे प्रथिन बनवणाऱ्या टीपी५३ जनुकातील काही उत्परिवर्तनांमुळे (बदलांमुळे) बिघडलेले प्रथिन मोडले न जाता केंद्रकात साठत राहते, आणि मग गाठीतील जवळजवळ प्रत्येक केंद्रक गडद तपकिरी होते. परंतु उत्परिवर्तनाने प्रथिनाची बांधणीच अर्धवट तुटली, तर रंग धरायला काहीच उरत नाही आणि त्या पेशी पार्श्वरंगाने निव्वळ निळ्या राहतात. म्हणजे गडद तपकिरी हा जसा बिघाड, तसाच हा कोरा निळा रंगही बिघाडच.

शिकत असताना मी अशीच एक निळी काचपट्टी ‘निगेटिव्ह’ म्हणून बाजूला ठेवली होती. आमच्या मॅडमनी ती पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली लावून मला गाठीच्या कडेच्या लिम्फोसाइट पेशी (निरोगी पांढऱ्या रक्तपेशी) पाहायला लावल्या. त्यांतल्या काहींत फिकट तपकिरी छटा होती, म्हणजे रंगक्रिया नीट झाली होती, आणि तरीही शेजारच्या गाठीत एकही ठिपका नव्हता. शेजारी रंग नसता, तर तपासणीच पुन्हा करावी लागली असती.

म्हणून अहवाल हातात आल्यावर ‘निगेटिव्ह’ या शब्दावर थांबू नका. प्रथिन पूर्णपणे नाहीसे आहे की नेहमीसारखे विखुरलेले आहे, हे पॅथॉलॉजिस्टला स्पष्ट विचारा. विखुरलेला नमुना दिसला, तरी काही उत्परिवर्तने या तपासणीत निसटतात, त्यामुळे पेशींच्या रचनेत कर्करोग दिसत असेल तर पी५३ काहीही सांगो, निदान बदलत नाही. मी स्वतः ‘निगेटिव्ह’ हा शब्द लिहिणे सोडले आहे. माझ्या अहवालात ‘पूर्ण अभाव, उत्परिवर्तनाशी सुसंगत’ असे सविस्तर लिहिलेले असते.