पाच वाजता आलेला मजूर

(दादर इथे दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मुंबईत मराठी माणसाच्या कानावर कृपा कुठल्या रूपात पडते? ‘कृपया लक्ष द्या.’ स्टेशनावर तुम्ही ते ऐकूनच इथवर आलात. शब्द इतका झिजलाय की तो कानावर आला की आपण गाडी किती लेट आहे एवढंच ऐकतो. घरी आपण ‘देवाच्या कृपेनं बरं चाललंय’ म्हणतो, तेव्हा मनात मुलाची नोकरी असते, फ्लॅटचे हप्ते असतात. आम्ही ख्रिस्ती लोकही तसंच म्हणतो; आम्हाला काही वेगळी शिंगं नाहीत. बायबलच्या नव्या करारात मात्र हा शब्द भल्या माणसाला अवघडून टाकतो.

नवा करार ग्रीकमधला. तिथला शब्द ‘खारिस’. तो नव्या करारातली कित्येक पत्रं लिहिणाऱ्या पौलानं घडवलेला नाही, लोकांच्या तोंडी होताच. मेहेरबानी म्हणजे खारिस, देणगी म्हणजे खारिस आणि देणगीबद्दल वाटणारी कृतज्ञता म्हणजेही खारिस. देणं आणि परत करणं एकाच शब्दात. आपल्याकडे याच्या जवळ जाणारी गोष्ट आहे, आहेर. माझ्या आईची आहेराची वही होती. डावीकडे नाव, उजवीकडे आकडा. कुणाचे 51 रुपये, कुणाचा स्टीलचा डबा, तोही झाकणासह की झाकणाविना, हे लिहिलेलं. त्या घरी लग्न निघालं की वही कपाटातून बाहेर यायची आणि डब्याला डबा जायचा, जमल्यास जरा मोठा. यात कंजूषपणा नव्हता, नाती टिकवायची ती रीत होती. रोमन जगही असंच चालायचं. पौलाच्याच काळातला तत्त्वज्ञ सेनेका सांगतो, द्यायचं तर माणूस पारखून द्यावं.

पौल ही वहीच मिटून ठेवतो. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 5व्या अध्यायात तो म्हणतो, आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. म्हणजे पारख झाली, आपण नापास झालो आणि तरी आहेर घरी आला. शिवाय हे लिहिणारा कोण? ख्रिस्तासाठी पहिला जीव देणाऱ्या स्तेफनाला दगडमार होत होता तेव्हा मारणाऱ्यांनी ज्याच्या पायाशी आपले अंगरखे काढून ठेवले, तोच तरुण.

मराठी कानाला हे अगदीच परकं नव्हतं. ‘पतितपावन’ हा शब्द आपल्या जिभेवर संतांनी आधीच ठेवला होता. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा याच मुंबईत 10 फेब्रुवारी 1895 रोजी झाला. आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो ते तुकोबांच्या पुलावरून, असं ते सांगत.

आता ती गोष्ट. येशूनं सांगितलेली, मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 20व्या अध्यायातली. द्राक्षमळ्याचा मालक पहाटे बाजारात जातो आणि रोजचा एक दिनार ठरवून मजूर आणतो. नऊला पुन्हा जातो, बाराला जातो, तीनला जातो. संध्याकाळी पाचलाही जातो! आमच्या कांदिवलीत मजूर नाका आहे. सकाळी सातला तिथं थापी, रंध्याची पिशवी, रंगाचे ब्रश घेतलेली माणसं दाटीनं उभी असतात. ठेकेदाराची गाडी थांबली की आधी तरणे चढतात. दहा-अकरानंतर उरतात म्हातारे, एखादा हाताला पट्टी बांधलेला. ते घरी जात नाहीत, कारण घरी काय सांगणार? आणि संध्याकाळी पाचला नाक्यावर मजूर न्यायला आलेला ठेकेदार मी जन्मात पाहिलेला नाही.

पूर्वी मी ही गोष्ट सांगताना म्हणायचो, बघा, तो बिचारा दिवसभर उन्हात उभा होता, ताटकळणं हेही कष्टच. लोक माना डोलवायचे. एकदा एका आजींनी मागून विचारलं, “मग सर, ती कृपा कसली? ती ताटकळल्याची मजुरी झाली की!” मी गप्प. त्यांचंच बरोबर होतं. आपण कुठून ना कुठून लायकी शोधून काढतोच, फुकट मिळालेलं आपल्याला पचत नाही. पाचव्या शतकात कृपेवर भर देणारा ऑगस्टीन आणि माणसाच्या स्वतःच्या प्रयत्नावर भर देणारा पेलागियस यांचा झगडा याच दुखण्यावरचा. सोळाव्या शतकात याच प्रश्नावर पश्चिमेकडची चर्च फुटली आणि मार्टिन लुथरच्या वाटेनं गेलेले लुथरन व कॅथलिक यांनी त्यावरच्या संयुक्त घोषणापत्रावर सही केली ती थेट 31 ऑक्टोबर 1999 रोजी, आउग्सबुर्गमध्ये.

फुकट आहे तर मग कसंही वागावं का? पौलालाच हा प्रश्न पडला होता आणि त्यानं ठणकावून ‘नाही’ म्हटलं. नाझींनी एप्रिल 1945मध्ये फासावर दिलेले जर्मन पाळक, म्हणजे धर्मगुरू, बोनहोफर अशा सवलतीला ‘स्वस्त कृपा’ म्हणत. त्यांच्या तोंडून ते ऐकून घ्यावं लागतं.

पण गोष्टीत खरी ठिणगी पडते ती मजुरी वाटताना. मालक मुद्दाम शेवटच्यांपासून सुरुवात करतो. पहिल्यांना आधी चुकती केली असती तर ते खुशीत घरी गेले असते, त्यांना काही कळलंही नसतं. पण त्यांच्या डोळ्यांदेखत तासाभराच्या गड्याला पूर्ण दिनार मिळतो, आणि त्यांनाही तेवढाच. ते कुरकुरतात. मालक विचारतो, माझं चांगुलपण तुझ्या डोळ्यांत सलतं का? त्यावर मजुरांनी काय उत्तर दिलं, ते गोष्टीत नाही.

माझं सांगतो. माझे वडील चाळीस वर्षं आमच्या मंडळीचेही वडील होते; चर्चचा कारभार पाहणाऱ्याला आम्ही ‘वडील’च म्हणतो. एक रविवार चुकला नाही. त्यांच्या दफनानंतर चारच महिन्यांनी आमच्या गल्लीतला एक गृहस्थ गेला. उभं आयुष्य दारूत, बायकोला मारहाण, आणि शेवटच्या आठवड्यात इस्पितळात बाप्तिस्मा. पाळकसाहेबांनी त्याच्या पेटीपाशी तोच उतारा वाचला, जो बाबांच्या वेळी वाचला होता. तोच आवाज, त्याच जागी तोच विराम. त्याची बायको समोर डोक्यावर पदर घेऊन उभी होती, आणि मी मागच्या बाकावर दात आवळून.